काउंटरच्या अलीकडे

मधुमेही रुग्णाला इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज बहुधा एकाच दुकानातून, एकाच पिशवीत मिळते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरमागे ४० युनिट इन्सुलिन असते, तर पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांत १०० युनिट. त्यामुळे सिरिंजाही दोन प्रकारच्या आहेत. लाल टोपीची चाळीससाठी, नारिंगी टोपीची शंभरसाठी. डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिलेल्या माणसाच्या पिशवीत चाळीसची बाटली आणि नारिंगी टोपीची सिरिंज पडली, की तो इमानेइतबारे विसाच्या रेघेपर्यंत ओढतो आणि त्याच्या अंगात जातात जेमतेम ८ युनिट. साखर उतरत नाही, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टर डोस वाढवतात. उलट झाले, म्हणजे बाटली शंभरची आणि टोपी लाल, तर त्याच विसाच्या रेघेला ५० युनिट जातात. मग दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि वेळेत कोणी ओळखले नाही तर बेशुद्धी.

यात डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. कंपनीचे इन्सुलिन चोख होते. रुग्णानेही सांगितले तसेच केले. चूक झाली ती दोन वस्तू एकत्र आल्या त्या जागी, आणि त्या जागी उभा असतो फार्मासिस्ट. बाटली आणि सिरिंज एकाच वेळी हातात धरणारा साऱ्या साखळीतला तो बहुधा एकमेव प्रशिक्षित माणूस. तरीही आरोग्यसेवेतल्या माणसांची यादी करायला बसले, की डॉक्टर येतात, परिचारिका येतात, अलीकडे आशाताईही येतात. फार्मासिस्ट मात्र दुकानदारांच्या यादीत जातो.

त्याला तिथून काढून उपचार करणाऱ्या टीममध्ये बसवायचे का, बसवल्यास त्याने नेमके काय करायचे, आणि त्या कामाचे पैसे कोणी द्यायचे, या तीन प्रश्नांची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जगाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बऱ्यापैकी शोधली आहेत. घोडे अडते ते तिसऱ्यापाशी, आणि आपल्याकडे त्या तिसऱ्याची चर्चाच सर्वांत कमी होते.

आजार बदलले, म्हणून हा विषय पुढे आला. विषमज्वर किंवा न्यूमोनियात आठ-दहा दिवसांचा कोर्स संपला की रुग्ण आणि औषध यांचा संबंध संपत असे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा यांत तो जन्मभराचा होतो. डॉक्टर वर्षातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे भेटतात. उरलेले तीनशेसाठ दिवस रुग्ण आणि त्याच्या गोळ्या एकमेकांच्या हवाली असतात. दीर्घकालीन आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेण्याचे प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी निम्मेच आहे, आणि गरीब देशांत त्याहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच नोंदवले होते. याच संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा औषधोपचारातल्या चुकांचा जगाला पडणारा भुर्दंड वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर असल्याचे सांगितले. एवढ्या चुका वाईट डॉक्टरांमुळे होतात असे मानणे अन्यायाचे ठरेल. बहुतेक चुका दोन चांगल्या माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेत होतात.

ती मोकळी जागा पाहायची तर घरातल्या आजींची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करावी. हृदयविकारतज्ज्ञांनी दिलेल्या स्ट्रिपवर एक नाव असते, गावच्या फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या स्ट्रिपवर दुसरे. बारीक अक्षरांत दोन्हीकडे टेल्मिसार्टनच लिहिलेले असते. आजी दोन्ही घेतात, कारण दोन्ही डॉक्टर चांगले आहेत. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची हे त्यांना पाठ असते, पण लागोपाठ कॅल्शियमची गोळी घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोहोंत चारेक तासांचे अंतर हवे, हे कोणी सांगितलेले नसते. सांधेदुखीच्या मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ असे पेनाने ठळक लिहून त्यावर गोल करणारा फार्मासिस्ट त्या क्षणी एक जीव वाचवत असू शकतो. हे औषध चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

नावांचा गोंधळ तर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मेंदूच्या मलेरियासाठीची ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही दोन नावे. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. कॅडिला हेल्थकेअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स या कंपन्यांच्या त्या वादात न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले, की इतर मालाच्या नावांत थोडे साम्य चालून जाईल, औषधांच्या बाबतीत कसोटी अधिक कडक हवी. निकाल देताना न्यायालयाने आपल्या देशातली भाषांची विविधता, निरक्षरता आणि चिठ्ठीवरचे गिचमिड अक्षर यांचाही विचार केला. पुढे २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांना औषधांची नावे वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितले. ते अक्षर आजही कोण लावतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

फार्मासिस्टने औषध देऊन थांबू नये, त्या औषधाच्या परिणामाची जबाबदारीही घ्यावी, हा विचार नेमक्या शब्दांत मांडला तो चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड या अमेरिकी प्राध्यापकांनी, १९९० मध्ये. त्या एका लेखाने या व्यवसायाची दिशा बदलली असे म्हणतात, आणि ते फारसे अतिशयोक्त नाही. मात्र विचार पटणे वेगळे आणि पुराव्याने सिद्ध होणे वेगळे. पुरावा हळूहळू आला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागाच्या सकाळच्या राउंडला डॉक्टरांबरोबर एक अनुभवी फार्मासिस्ट फिरू लागला. औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे रुग्णाला होणारी टाळता येण्याजोगी इजा दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. फार्मासिस्टने औषध लिहिण्याबाबत केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांचे कधी जमणार नाही, असे ठासून सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चिठ्ठी लिहून झाल्यावर दुकानातून फोन करून शंका काढली तर डॉक्टरांना ती कुरापत वाटते. लिहीत असताना शेजारी उभे राहून सुचवले तर ती मदत होते.

रुग्णालयाबाहेरचे सर्वांत विलक्षण उदाहरण लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांतले आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे, त्यातून होणारे मृत्यूही अधिक, आणि दवाखान्यांवरचा त्यांचा विश्वास इतिहासाने खच्ची केलेला. हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी ठरवले की हे पुरुष दवाखान्यात येत नसतील, तर ते जिथे नेमाने जातात तिथे जायचे. कृष्णवर्णीयांच्या मालकीची ५२ केशकर्तनालये निवडली. वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून अधिक असलेले ३१९ गिऱ्हाइके अभ्यासात आली. जवळपास निम्म्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला आहार-व्यायामाच्या चार गोष्टी सांगायच्या आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरायचा. उरलेल्या दुकानांत विशेष प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतः येऊन बसत. रक्तदाब मोजत, औषध सुरू करत, डोस बदलत, रक्ततपासणी पाहत आणि झालेला प्रत्येक बदल त्या माणसाच्या डॉक्टरांना कळवत. हे सारे डॉक्टरांबरोबर आधी केलेल्या लेखी कराराच्या चौकटीत.

सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९.३ अंकांनी उतरला होता. न्हाव्याच्या शब्दाला वजन असते, हे त्यातून दिसतेच. फार्मासिस्ट असलेल्या गटात मात्र तो तब्बल २७ अंकांनी खाली आला. १३०/८० च्या खाली पोहोचलेले पुरुष एका गटात ११.७ टक्के, दुसऱ्यात ६३.६ टक्के. वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा रक्तदाबावर आयुष्य घालवलेली मंडळीही चकित झाली, कारण यात नवे औषध एकही नव्हते. सगळी जुनी, स्वस्त, दुकानादुकानांत मिळणारी.

पैशाच्या बाजूने पाहिले तर नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिल शहराचे उदाहरण नेहमी दिले जाते. नगरपालिका आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचा खर्च स्वतःच उचलत असे. १९९६ पासून तिने मधुमेही कर्मचाऱ्यांना शहरातल्या फार्मासिस्टांकडे नियमित पाठवायला सुरुवात केली. जो भेटीला जाईल त्याला औषधांचा स्वतःच्या खिशातला वाटा माफ, आणि प्रत्येक भेटीमागे फार्मासिस्टला मोबदला. औषधांवरचा खर्च वाढला, कारण माणसे खरोखरच औषधे घेऊ लागली. पण एकूण वैद्यकीय खर्च दरवर्षी माणशी सुमारे १,२०० ते १,८७२ डॉलरनी घटला आणि आजारपणाच्या रजाही कमी झाल्या. या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे त्याचे सारे श्रेय डोळे झाकून फार्मासिस्टला देता येत नाही. तरी एक धडा निर्विवाद उरतो. तिथे फार्मासिस्टला पैसे मिळाले ते बोलण्याचे. एखादी डबी कमी विकली गेली म्हणून त्याचे नुकसान होत नव्हते.

इंग्लंडने याहून लांबची मजल मारली आहे. २००६ पासून तिथे वेगळे प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतंत्रपणे औषध लिहून देऊ शकतात. ३१ जानेवारी २०२४ पासून घसा, सायनस, मुलांचा कान, चावलेल्या किड्याची चिघळलेली जखम, इम्पेटिगो, नागीण आणि स्त्रियांना होणारा साधा मूत्रसंसर्ग अशा सात तक्रारींसाठी रुग्ण थेट औषधाच्या दुकानात जाऊ शकतो, आणि नियमांत बसत असेल तर फार्मासिस्ट त्याला चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकही देऊ शकतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात औषध लिहिण्याचा हा अधिकार २००७ पासूनचा. तिथे झालेल्या एका चाचणीत फार्मासिस्टने औषध लिहिलेल्या रुग्णांचा रक्तदाब सरासरी १८.३ अंकांनी उतरला, नेहमीच्या पद्धतीत ११.८.

इथे एक आक्षेप हटकून येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जो विकतो त्यालाच लिहायचा अधिकार दिला, तर तो विकण्यासाठीच लिहिणार नाही कशावरून? हितसंबंधांचा हा गुंता खरा आहे. मात्र तो केवळ फार्मासिस्टच्या वाट्याचा नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक दवाखान्यांत डॉक्टर लिहितात आणि त्यांचाच कंपाउंडर पुड्या बांधतो. आपल्या रुग्णाला स्वतःकडचे औषध देण्याची मुभा डॉक्टरांना कायद्यानेच दिलेली आहे. लाल मिक्श्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवून ‘एक खूण सकाळी, एक संध्याकाळी’ सांगणारा कंपाउंडर पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. औषध कसे घ्यायचे हे समजावण्याचे काम गावोगाव त्यानेच केले. त्याच्याकडे पदवी नव्हती, पण डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते आणि रुग्णाच्या तीन पिढ्या त्याला नावानिशी ठाऊक होत्या. आजच्या फार्मासिस्टचे नेमके उलट आहे. भिंतीवर प्रमाणपत्र आहे, डॉक्टर कुठे आहेत ते ठाऊक नाही, आणि समोरचा माणूस कोण तेही नाही.

हे असे का झाले याचे मूळ आपल्या औषधशिक्षणाच्या जडणघडणीत आहे. गोव्यात पणजीच्या वैद्यकीय शाळेत १८४२ पासून पोर्तुगीज धर्तीवर औषधशास्त्र शिकवले जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र औषधबाजार जवळजवळ मोकाट होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये भेसळ आणि अनागोंदी यांचा पाढा वाचला. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधशिक्षणाचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी कायदा आला. नव्या देशाला हवी होती स्वतःची औषधे, म्हणून पदवीचे शिक्षण कारखान्याकडे वळले. गोळी कशी दाबायची, तिच्यावर लेप कसा चढवायचा, ती पोटात किती वेळात विरघळते हे सारे शिकवले गेले. ती गोळी गिळणारा माणूस अभ्यासक्रमात फारसा आलाच नाही. त्या धोरणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. जगाला स्वस्त औषध पुरवणारा उद्योग त्यातूनच उभा राहिला. पण काउंटर राहिले डी. फार्म. झालेल्या मुलामुलींकडे. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि ते तास पुष्कळदा कागदावरच भरलेले.

कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध द्यायचे नाही. कलम ४२ तसे स्वच्छ सांगते. व्यवहारात ‘सर्टिफिकेट भाड्याने लावणे’ हा शब्दप्रयोग या धंद्यातल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. प्रमाणपत्र दुकानात टांगलेले, त्याचा धनी दुसऱ्या गावी नोकरीला, आणि काउंटरवर दहावी-बारावी झालेला हुशार मुलगा. २०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीसाठी धडक मोहीम निघाली, तेव्हा दुकानदार संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. परिणाम इतका मात्र झाला, की दुकानात फार्मासिस्ट असतो, असायला हवा, ही गोष्ट सामान्य गिऱ्हाइकाच्या पहिल्यांदा कानावर पडली.

दुकानदारांची बाजू ऐकल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला आहे. म्हणजे वीस रुपयांच्या स्ट्रिपमागे तीनेक रुपये. त्यात दुकानाचे भाडे, फ्रिजचे बिल, पोऱ्याचा पगार. इनहेलर कसा ओढायचा हे नीट शिकवायचे तर पाच मिनिटे जातात. आधी पूर्ण श्वास सोडा, मग नळी ओठांत घट्ट धरा, कळ दाबतानाच सावकाश आत ओढा, दहा आकडे श्वास रोखा, आता मला करून दाखवा. तेवढ्यात मागची चार गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातात. यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकणारे दमेकरी छातीच्या डॉक्टरांच्या ओळखीचे असतात. त्याचे कारण या तीन रुपयांत दडलेले आहे. सल्ला फुकट आणि डबीला पैसे, अशी रचना असेल तर दुकानात डब्याच हलणार. ही रचना जोवर आहे तोवर चांगल्या फार्मासिस्टचे चांगुलपण हे त्याच्या पदरमोडीवर चालणार, आणि पदरमोडीवर कुठलीही आरोग्ययंत्रणा उभी राहिलेली नाही.

तरी नियमांच्या बाजूने हालचाल झाली आहे. २००८ मध्ये फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, ज्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या उमेदवारीचे. २०१५ च्या नियमावलीने रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहून काढले. २०२१ च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्ट या पदाला नियमांत जागा दिली. पण फार्म. डी. झालेल्या अनेक मुलांना रुग्णालयात त्या पदाची नोकरी मिळत नाही. ती औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणाऱ्या कंपन्यांत, संगणकापुढे, परदेशातल्या रुग्णांची माहिती भरत बसतात. सहा वर्षे खाटेशेजारी उभे राहायला शिकवून शेवटी खाटेचे तोंडही पाहायला मिळू नये, याला दैवदुर्विलास म्हणण्यापेक्षा नियोजनाचे अपयश म्हणणे बरे. वैद्यकीय महाविद्यालय आणि फार्मसी महाविद्यालय एकाच आवारात असले तरी त्यांचे विद्यार्थी एका रुग्णासमोर एकत्र बसत नाहीत, भेटले तर कॅन्टीनमध्ये. जे एकत्र शिकलेच नाहीत, त्यांनी नोकरीत एकदम टीम व्हावे ही अपेक्षा कशी करायची?

आणि तरीही, भारतात हे होऊ शकत नाही असे म्हणायला जागा नाही. क्षयरोगाचे उदाहरण पाहा. खोकला झाला की मुंबईतला माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, दवाखाना नंतर. म्हणजे क्षयाचा संशय घेण्याची पहिली संधी तिथेच असते. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मंजिरी घरत यांच्या पुढाकाराने मुंबई परिसरातल्या औषध दुकानदारांना हाताशी धरले. दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्याला आणखी एक कफ सिरप देण्याऐवजी थुंकी तपासायला पाठवायचे, आणि निदान झालेल्या रुग्णाला दुकानातच, डोळ्यांसमोर औषध द्यायचे. सरकारी यंत्रणेचे औषध खासगी दुकानातून, तेही फुकट, ही कल्पना त्या काळी बऱ्याच जणांना विचित्र वाटली होती. पुढे मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे आणि अनेक प्रतिजैविके ‘एच-वन’ या परिशिष्टाखाली आली. औषध कोणी लिहिले, कोणाला दिले, किती दिले, याची वेगळी वही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानदारांवरही रुग्णाची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी टाकली. कायद्याच्या दृष्टीने तरी त्या दिवशी फार्मासिस्ट क्षयनिर्मूलनाच्या टीममध्ये आला. एच-वनची वही निरीक्षक येणार म्हणून संध्याकाळी एका बैठकीत भरायची, की तिच्यातून पुढच्या महिन्यात औषध न्यायला न आलेला माणूस शोधायचा, हे त्याने ठरवायचे आहे.

न आलेला माणूस शोधणे, हेच खरे तर या भूमिकेचे सार आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले पंचवीसेक जिल्हे होते, महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा त्यांत आले. ठरावीक उपचारपद्धती, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि एकट्या डॉक्टरवर न विसंबता टीमने काम करणे, ही त्याची सूत्रे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फार्मासिस्टला आपल्याकडे औषध निर्माण अधिकारी म्हणतात. त्याचा दिवस साठा, मुदत, मागणीपत्रे आणि संगणकातल्या नोंदी यांत जातो. पण कोणत्या वाडीतल्या कोणत्या माणसाने या महिन्यात बीपीच्या गोळ्या नेल्या नाहीत, हे त्याच्या खिडकीइतके लवकर कुठेच कळत नाही. ती यादी त्याच दिवशी आशाताईंच्या हातात गेली, तर पक्षाघात झाल्यावर धावणारी रुग्णवाहिका कदाचित लागणार नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कामाच्या यादीत एक ओळ वाढवावी लागते, आणि साठ्याच्या नोंदी ठेवायला हाताखाली एक माणूस.

अधिकाराच्या बाबतीत भारतीय फार्मासिस्टचे हात मात्र पुरते बांधलेले आहेत. चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी तेच औषध दुसऱ्या नावाने देण्याचीही नियमाने त्याला मुभा नाही. त्याने उद्यापासून औषधे लिहावीत, असे म्हणणे घाईचे होईल. ज्या काउंटरवरून प्रतिजैविके आणि स्टेरॉइडची मलमे बिनचिठ्ठीची सर्रास जातात, त्या काउंटरने आधी विश्वास कमवायला हवा. ही मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीच्या कक्षेत आणावी लागली ती उगीच नव्हे. चेहरा गोरा करण्यासाठी ती विकली जात होती आणि त्वचारोगतज्ज्ञ त्याचे परिणाम निस्तरत होते. लॉस एंजेलिसचा मार्ग आपल्याला अधिक मानवेल. डॉक्टरांशी लेखी करार, ठरलेल्या मर्यादेत डोस बदलण्याची मोकळीक, प्रत्येक बदलाची नोंद. आणि सुरुवात रक्तदाब, मधुमेह, दमा अशा दोन-तीन आजारांपासून.

दरम्यान बाजार थांबलेला नाही. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला आणि वर्षानुवर्षे लटकत राहिला, पण शहरांत औषधे दहा-पंधरा मिनिटांत दारात येऊ लागली. दोन औषधे एकमेकांशी भांडतात का, हे संगणक क्षणात सांगतो. डबी पोहोचवणे एवढेच फार्मासिस्टचे काम असेल तर ते सायकलवरचा मुलगा अधिक वेगाने करेल, आणि दुकानदारांच्या संघटनांनी कितीही बंद पुकारले तरी हे उलटे फिरणार नाही. त्यांनी आपली ताकद समुपदेशनाचे शुल्क मागण्यात लावली तर ते जास्त शहाणपणाचे ठरेल. सरकारी विमा योजनांनी आणि मोठ्या कंपन्यांनी मधुमेही रुग्णामागे फार्मासिस्टच्या वर्षातल्या चार भेटींचे पैसे देऊन पाहावेत. अ‍ॅशव्हिलसारखी एखादी महापालिका महाराष्ट्रातही निघायला हरकत नाही. कर्मचाऱ्यांची आजारपणे आणि त्यांवरचा खर्च तिच्याकडेही आहे.

वाचकालाही यात करण्यासारखे काही आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावलेले असायला हवे. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा त्यावरचे नाव वाचा आणि ती व्यक्ती कोण, हे विचारा. घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एकदा त्यांच्यापुढे रिकामी करा, मात्र दुकानात गर्दी नसेल अशा दुपारी. एखाद्या औषधाने त्रास झाला तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवा. तिथे रुग्णाने स्वतः दिलेली माहितीही नोंदवून घेतात.